घुमट, गिटार आणि हलगी
(रेमो फर्नांडिस यांच्या संगीताचा एक विचार)

आमच्या धर्मग्रामातील गायनवृंदाचा सराव शनिवारी सायंकाळी असतो. नाताळच्या तयारीच्या दिवसांत, सराव आटोपल्यावर, गिटार वाजविणाऱ्या एका मुलाने आम्हांला सहज विचारले, "फादर, गिटार हे आपलं ख्रिस्ती वाद्य आहे ना? आमच्या आजोबांची हलगी तशी नाही ना?" प्रश्न निरागस होता, परंतु त्याचे उत्तर आम्हांला लगेच देता आले नाही. घरी परतल्यावर आमच्या मनात रेमो फर्नांडिस यांचे नाव आले. गिटार हाती घेऊनही आपल्या मातीतल्या वाद्याकडे पाठ न फिरविलेला एखादा ख्रिस्ती कलावंत दाखवायचा झाला, तर प्रथम त्यांचेच नाव घ्यावे लागेल. त्यांची चार दशकांहून अधिक काळाची संगीतसाधना आमच्या प्रश्नावर काही प्रकाश टाकते काय, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

रेमो यांचा जन्म 8 मे 1953 रोजी पणजी येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. डिसेंबर 1961 मध्ये तो मुक्त झाला तेव्हा रेमो आठ वर्षांचे होते. म्हणजे त्यांचे बालपण एका राजवटीत गेले आणि तारुण्य दुसऱ्या. घरी पोर्तुगीज, अंगणात कोंकणी, पुढे शाळेत इंग्रजी आणि चित्रपटगृहात हिंदी, अशा चार भाषांच्या कोलाहलात गोव्याची ती पिढी वाढली. पुढे मुंबईस वास्तुशास्त्राचे शिक्षण घेत असताना रेमो तेथील रॉक संगीताच्या वर्तुळात शिरले आणि सत्तरच्या दशकात 'द सॅव्हेजेस' या त्या वेळच्या नावाजलेल्या वाद्यवृंदात वाजवू लागले. त्यानंतर युरोप व उत्तर आफ्रिका येथे भटकंती करून ते गोव्यास परतले, आणि बार्देश तालुक्यातील शिवोली या गावी राहून त्यांनी आपले खरे काम आरंभिले.

या कामाचे महत्त्व कळण्यासाठी त्याची पार्श्वभूमी ध्यानी घेतली पाहिजे. गोव्याच्या धर्मग्रामशाळांतून सोळाव्या शतकापासून मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकविले जात असे. या शिक्षणाची फळे मुंबईने मुक्तहस्ते चाखली. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट यांसारख्या गोमंतकीय वादक-संयोजकांनी सुरावटी कागदावर उतरविल्या, व्हायोलिनांचे ताफे बसविले, गाण्यांना रंगरूप दिले. परंतु पडद्यावरील नामावलीत त्यांची नावे कुठे तरी कोपऱ्यात, 'सहायक' म्हणून येत. पुष्कळदा तीही येत नसत. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यात संगीतकार प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव गुंफविले, तेव्हा सामान्य श्रोत्याला ते नाव माहीत झाले, आणि तेही एका गमतीदार पात्राचे नाव म्हणून! गोव्याचा वादक दुसऱ्याच्या घरचा पाट मांडीत होता. स्वतःच्या नावाने पंगत घालण्याची संधी त्याला क्वचितच मिळाली.

रेमो यांनी ही पंगत स्वतःच्याच घरी मांडली. 1984 साली 'गोवन क्रेझी' ही त्यांची ध्वनिफीत निघाली. 'गोवन' आणि इंग्रजीतील 'गोइंग' यांचा श्लेष साधणारे हे नाव जसे खट्याळ, तशीच तिची जन्मकथाही. कोणत्याही कंपनीच्या दारात न तिष्ठता त्यांनी शिवोलीच्या घरात, चार पट्ट्यांवर ध्वनी मुद्रित करणाऱ्या साध्या कॅसेट-यंत्रावर ती तयार केली. एका पट्टीवर गिटार मुद्रित करावी, ती ऐकत दुसरीवर तालवाद्य भरावे, तिसरीवर गळा, चौथीवर त्याच गळ्याची साथ; अशा रीतीने एकच मनुष्य वाद्यवृंदही झाला आणि गायनवृंदही. पुढे त्या फिती स्कूटरवर लादून दुकानोदुकानी पोहोचविण्याचे कामही त्यांनी स्वतःच केले. आज कोणीही मुलगा मोबाईलवर गाणे मुद्रित करून जगाला ऐकवितो, तेव्हा ह्यात काय विशेष, असे वाटेल. पण 1984 मध्ये हे धाडस होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, गाणी कशाविषयी करावीत, हे ठरविणारा दुसरा कोणीही मालक तेथे नव्हता. म्हणून ती गाणी गोव्याविषयी झाली.

दुसऱ्याच वर्षी, 1985 मध्ये, 'ओल्ड गोवन गोल्ड' आली. येथे रेमो यांनी स्वतःचे नवे गाणे बाजूला ठेवून गोव्याच्या जुन्या गाण्यांना हात घातला. मांडो हा एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती गोमंतकीयांच्या दिवाणखान्यांत बहरलेला गीतप्रकार. त्याची चाल संथ, भाव विरहाचा, शब्द कोंकणी, साथीला व्हायोलिन आणि घुमट. मांडो संपताच द्रुत लयीचे दुलपद येते व नाचणाऱ्यांच्या पायांना वेग चढतो. आमच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की, घुमट म्हणजे येथे इमारतीवरचा गोल कळस नव्हे. ते मातीच्या मडक्याचे वाद्य. एका तोंडावर चामडे ताणलेले, दुसरे तोंड उघडे. पूर्वी त्यास घोरपडीचे चामडे लावीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस अभय मिळाल्यानंतर बकऱ्याचे चामडे वापरण्याकडे कल झाला. हेच घुमट गणेशचतुर्थीस आरतीला वाजते आणि ख्रिस्ती लग्नघरात मांडोलाही वाजते. एकाच कुंभाराच्या आव्यातून निघालेले मडके दोन धर्मांच्या अंगणांत घुमते. 2019 मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. शासनाला जे उमगण्यास 2019 उजाडले, ते एका रॉक गायकाने 1985 मध्ये ओळखले होते, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल.

या ध्वनिफितीविषयी आमचा एक आक्षेपही आहे. मांडोच्या लयीला एक हेलकावा असतो. गाणारा क्वचित रेंगाळतो, व्हायोलिन त्याची वाट पाहते, घुमटवाला सांभाळून घेतो. ऐंशीच्या दशकातील विद्युत्‌वाद्यांची नियमबद्ध चौकट या हेलकाव्याला नेहमीच मानवत नाही. जुन्या दागिन्याला पॉलिश करताना थोडे सोने झिजावे, तसे काही ठिकाणी आमच्या कानांना वाटले. तथापि पेटीत पडून राहिलेला दागिना कोणी पाहातच नव्हते, हेही तितकेच खरे. ज्या तरुणांनी आजीचा मांडो जुनाट म्हणून टाकला होता, त्यांनी तो रेमोच्या गिटारीसह स्वखुशीने ऐकला. किंचित झीज पत्करूनही हा व्यवहार लाभाचाच झाला.

1986 ची 'पॅक दॅट स्मॅक' ही तिसरी पायरी. त्या काळी हेरॉईनने गोव्याच्या किनाऱ्यावर आणि मुंबईच्या गल्ल्यांत तरुण गिळावयास आरंभ केला होता. धर्मगुरू या नात्याने आम्ही व्यसनावर अनेक प्रवचने केली आहेत, आणि ती ऐकताना मागच्या बाकांवरील तरुण पायांच्या बोटांकडे पाहात असतात, हेही आम्ही पाहिले आहे. रेमो यांनी तोच उपदेश नाचाच्या तालावर दिला. ज्या रॉक संगीताच्या नावाशी नशा जोडली गेली होती, त्याच संगीताने नशेला हाकलून द्यावे, यात मोठी नैतिक ताकद आहे. बाहेरच्याने केलेला निषेध आणि घरच्याने केलेला निषेध यांत हा फरक पडतो. त्यानंतर 1987 मध्ये 'बॉम्बे सिटी' निघाली, आणि शिवोलीचा हा गायक साऱ्या देशातील महाविद्यालयांत पोहोचला. 1992 च्या 'पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल' मध्ये विनोदाचा रोख राजकारणाकडे वळला. समाजावरील टीका करताना रेमो रागावत नाहीत, चेष्टा करतात. गोव्याच्या तियात्रातील 'कांतारां'चा हा वारसा आहे, असे आम्हांस वाटते. तियात्रात दोन प्रवेशांच्या मधे गायक पुढे येतो, मंत्र्यापासून वाड्यावरच्या भांडकुदळ शेजाऱ्यापर्यंत सर्वांची खिल्ली उडवितो, आणि प्रेक्षक हसत हसत विचार करू लागतात. ढंग पाश्चात्त्य असला तरी वृत्ती तियात्राची आहे.

आता हिंदी चित्रपटांविषयी. श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' (1985) या गोव्याच्या पार्श्वभूमीवरील चित्रपटात रेमो यांचा सहभाग होता. 'जलवा' (1987) च्या शीर्षकगीताने त्यांचा आवाज हिंदी प्रेक्षकांपर्यंत गेला. 'बॉम्बे' (1995) मधील ए. आर. रहमान यांचे 'हम्मा हम्मा' आणि 'प्यार तो होना ही था' (1998) चे शीर्षकगीत यांनी तो घराघरांत पोहोचविला. आमच्या नांदगावसारख्या रेल्वेच्या गावात रेमो हे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांतील बहुतेकांना ते याच गाण्यांमुळे ठाऊक आहे. येथे समीक्षकाने सावध राहावयास हवे. या गाण्यांत आवाज रेमो यांचा असला, तरी बहुतेक ठिकाणी शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची आणि प्रसंगही दुसऱ्याचा. जो मनुष्य आपल्या घरात स्वतः शब्द रचून, स्वतः वाजवून, स्वतः विकत होता, तो येथे पाहुणा कारागीर झाला. अर्थात, यास आम्ही दोष म्हणणार नाही. प्रेषित पौलानेही करिंथ येथे तंबू शिवून आपला निर्वाह केला. प्रश्न एवढाच की, तंबू शिवताना मूळ पाचारणाचा विसर पडला काय? आमच्या मते पूर्णपणे पडला नाही. नव्वदीत 'मायक्रोवेव्ह पापडम्स' हा आपला वाद्यवृंद घेऊन ते फिरत राहिले. या नावातही तीच खोड आहे, पापड आपला, भट्टी नवी. पुढे त्यांनी मदर तेरेजांच्या जीवनावर संगीतिका रचण्याचे धाडस केले. 'डेव्हिड' (2013) या चित्रपटात तर 'मारिया पिताशे' हे गोव्या-दमणकडचे जुने लोकगीत त्यांच्या आवाजात गाजले. 1985 मध्ये लावलेल्या रोपाची ही अठ्ठावीस वर्षांनंतरची पालवी म्हणावी लागेल. 2007 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले, आणि 2021 मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

तथापि एक मोठी उणीव नोंदविल्याशिवाय हे मूल्यमापन पुरे होणार नाही. रेमो यांच्या स्वतंत्र रचनांचा मोठा भाग इंग्रजीत आहे. तुलनेसाठी क्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्याकडे पाहावे. त्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत जॅझची वाद्ये घेतली, ट्रम्पेट घेतले, नृत्याचे ताल घेतले, पण शब्द कोंकणी ठेवले. म्हणून दीर्घ मौनानंतर 1995 मध्ये लॉर्ना पुन्हा गाऊ लागली, तेव्हा मासळी विकणाऱ्या बायकांपासून आखातात राबणाऱ्या खलाशांपर्यंत सर्वांना तिचे शब्द पाठ होते. रेमो यांची गोव्यावरील इंग्रजी गाणी मात्र गोव्याच्या त्या अंगणापेक्षा मुंबईच्या महाविद्यालयांत अधिक लवकर समजली. त्यांचे मूळ सुरांत खोल गेले आहे, तालात खोल गेले आहे. जिभेत ते तितके खोल गेले नाही. त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्याची बातमी 2015 मध्ये आली, तेव्हा अनेकांनी त्यांच्या गोमंतकीयपणावरच शंका घेतली. आम्हांस ती टीका उथळ वाटते. पोटासाठी, मुलांच्या भविष्यासाठी पारपत्र बदलणारी कुटुंबे गोव्यात गावोगाव आहेत, आणि कलावंताचे मूळ शोधावयाचे ते त्याच्या कागदपत्रांत नव्हे, त्याच्या गाण्यात. गाण्यात शोधले असता आम्हांस ते सापडते; फक्त जेथे भाषेचा प्रश्न येतो, तेथे ते विरळ होते.

हा आक्षेप घेण्याचा अधिकार आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांना कितपत आहे, हेही पाहावे. 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी रायतूर येथे अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून काढले, तेव्हा त्या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूने इंग्लंडचे वृत्त न घेता येथली ओवी घेतली. आज आमच्या गायनवृंदांत काय घडते? अनेक गीते परकीय चालींवर मराठी शब्द बसवून केलेली असतात. चालीला जेथे दीर्घ स्वर हवा, तेथे शब्दातला ऱ्हस्व स्वर ताणला जातो. जेथे आघात हवा, तेथे शब्द मधोमध तुटतो. 'परमेश्वर' हा शब्द आम्ही कधीकधी असा गातो, की परमेश्वरालाही तो आपलाच की काय, असा प्रश्न पडावा! रेमो यांनी निदान सूर आपले ठेवून भाषा परकी घेतली; आम्ही भाषा आपली ठेवून सूर परके घेतले. दोहोंपैकी कोणता तोटा मोठा, हे वाचकांनी ठरवावे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. गिटार ख्रिस्ती वाद्य आहे काय? इतिहास वेगळेच सांगतो. 1903 मध्ये पोप दहावे पायस यांनी ख्रिस्तमंदिरातील संगीताविषयी जी आज्ञा काढली, तीत पियानो, ढोल, झांजा अशा वाद्यांना उपासनेत मज्जाव होता. त्या वातावरणात गिटारीलाही कोणी वेदीजवळ बसू दिले नसते. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेवरील संविधान प्रसिद्ध केले. त्याच्या 119 व्या कलमात धर्मप्रसाराच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उचित मान व स्थान द्यावे, असे सांगितले आहे, आणि 120 व्या कलमात पवित्र उपयोगास योग्य अशा अन्य वाद्यांना वाट मोकळी केली आहे. त्याआधीच 1958 मध्ये काँगोत 'मिस्सा लुबा' या नावाने आफ्रिकी ढोलांच्या साथीने मिस्साची गीते गायिली गेली होती. सारांश, गिटार ज्या दारातून आत आली, त्याच दारातून हलगीलाही यावयास हरकत नव्हती. गिटार आली, हलगी बाहेर राहिली. दार परिषदेने उघडले होते, उंबरठा आमच्या मनात होता.

येथे आम्हांस आमचाच एक अपराध कबूल केला पाहिजे. पौरोहित्याच्या आरंभीच्या वर्षांत, एका खेड्यातील सणाच्या मिरवणुकीत, काही वयस्कर मंडळी हलगी वाजवीत ख्रिस्तमंदिरापर्यंत आली. दाराशी आम्ही त्यांना हात करून थांबविले. "आता वाजविणे पुरे, आत गिटार आहे," असे म्हणालो. ते थांबले. हलग्या भिंतीला टेकवून आत आले आणि मागे उभे राहिले. आम्हांस त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही. सेमिनरीत आम्ही ते 119 वे कलम शिकलो होतो, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते!

परंतु रेमो यांनी घुमट उचलले, म्हणून आम्ही उद्याच हलगी वेदीजवळ आणावी, एवढे हे सोपे नाही. गोव्याच्या दिवाणखान्यातील घुमटावर लाचारीचे ओझे नव्हते. हलगीवर आहे. गावात मयत झाली, लग्न निघाले, दवंडी द्यावयाची झाली, की हलगी वाजविणे हे विशिष्ट जातींवर लादलेले काम होते. ते आवडीने केलेले वादन नव्हते, तो बलुत्याचा हुकूम होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अशी हीन लेखली जाणारी गावकीची कामे सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा असंख्य घरांनी ती वाद्ये अभिमानाने टाकून दिली. आमच्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांनी बाप्तिस्मा घेताना हाच मोकळेपणा शोधला. त्यांच्या नातवाच्या हातातील गिटार ही नुसती फॅशन नव्हे. ती एका सुटकेची खूण आहे. ज्याने हलगी टाकली, त्याला ती पुन्हा उचल असे सांगण्याचा अधिकार कोणाही धर्मगुरूला, किंवा लोकसंस्कृतीचे गोडवे गाणाऱ्या कोणाही विद्वानाला नाही.

मग रेमो यांच्या वाटचालीतून आम्ही काय घ्यावे? आमच्या मते, घ्यावयाची गोष्ट घुमट नव्हे, तर मोकळीक. शिवोलीच्या घरात त्या माणसाला कोणी हुकूम केला नव्हता. मांडो त्याने स्वेच्छेने उचलला आणि आपल्या हातातील गिटार न टाकता उचलला. जे वाद्य हुकमाने वाजते ते वेठ असते. तेच वाद्य स्वेच्छेने वाजले की स्तुती होते. म्हणून हलगी आत यावी काय, हे गायनवृंदाने, धर्मगुरूने वा समीक्षकाने ठरवावयाचे नसून ज्यांच्या घरी ती आहे त्यांनी ठरवावयाचे आहे. धर्मगुरूचे काम एवढेच, की त्यांनी 'हो' म्हटले तर दार अडवू नये, आणि 'नाही' म्हटले तर आग्रह धरू नये.

पुढच्या शनिवारी आम्ही त्या मुलाला हे सारे आमच्या परीने सांगितले, आणि त्याच्या आजोबांनाच विचारून ये, असे सुचविले. आठवड्याने तो उत्तर घेऊन आला. आजोबा म्हणाले होते, "वाजवीन. पण दारात उभा राहून वाजवणार नाही. तुझ्या शेजारी खुर्चीवर बसून वाजवीन."

आम्ही गायनवृंदात एक खुर्ची वाढविली आहे. सराव सुरू आहे. गिटार आणि हलगी यांचे अद्याप नीट जुळत नाही. मुलगा घाई करतो आणि आजोबा त्याला थांबवितात. नाताळपर्यंत जुळेल, अशी आशा आहे.